आण्णांचं जुनं बावीसचं रिव्हॉल्वर, मिसफायर आणि जुन्या नाशकातले मिस्त्रीकाका

आधीच सांगून टाकतो, हत्यारं दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकाकांना पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा कुठे कापला ते पुढे येईलच. दुकानाचं नाव टाकत नाही कारण काकांनीच सांगितलंय की नाव पत्ता नेटवर नको, हत्यारं ठेवलेली जागा आहे, आणि ते मला पटलं. ज्याच्याकडे लायसन आहे त्याने नाशकात नेमबाजीच्या रेंजवर दोन जणांना विचारलं तरी पोचेल.

आमचा मळा निफाड तालुक्यात, द्राक्षाचा. वस्ती गावापासून लांब म्हणून आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फार वर्षांपूर्वी लायसन काढून एक सेकंडहँड पॉइंट टू टू चं, म्हणजे बावीस बोरचं, रिव्हॉल्वर घेतलेलं, परदेशी बनावटीचं, सहा गोळ्यांचं, लांब नळीचं, हातात घेतलं तर किलोच्या वर वजन. आण्णांनी सत्तरी ओलांडल्यावर ते वारस म्हणून माझ्या नावावर करायला अर्ज केला, २०१६ च्या शस्त्र नियमात तशी सोय आहे, पोलीस चौकशी आणि कलेक्टर ऑफिसच्या चकरा होऊन लायसन हातात आलं. त्याआधी २०२४ ला दोन आचारसंहिता लागल्या, मे महिन्यातल्या लोकसभेची आणि नोव्हेंबरमधल्या विधानसभेची, दोन्ही वेळेला हत्यार जमा. म्हणजे कित्येक महिने ते पिशवीत तसंच पडून होतं, ना पुसणं ना बघणं. हे मुद्दाम सांगतोय कारण पुढे त्याचा संबंध येतो.

जानेवारीत पहिल्यांदा रेंजवर नेलं. सकाळी आठची वेळ, निफाडची थंडी तुम्हाला माहितीये, हात बधीर झालेले. १८ गोळ्या मारल्या त्यात ५ फुसक्या. घोडा, म्हणजे मागचा हातोडा, पडतो, टक् आवाज येतो, आणि काही नाही. पहिल्यांदा झालं तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला खरं सांगतो, कारण हातातल्या हत्यारात काडतूस भरलेलं आहे आणि ते आता उडेल का मग उडेल ते कळत नाही. रेंजवाल्या सरांनी मागूनच सांगितलं की हलू नको, नळी टार्गेटकडेच ठेव, चाप परत ओढू नको, निदान ३० सेकंद थांब. काडतुसातला मसाला कधीकधी उशिरा पेट घेतो, आणि रिव्हॉल्वरमधे चाप परत ओढला की सिलिंडर, म्हणजे गोळ्या भरायचं गोल चाक, फिरतं, ते काडतूस नळीसमोरून बाजूला जातं आणि तिथे उडालं तर काय होईल ते सांगायची गरज नाही. हे ज्याला माहीत नाही त्याने जुन्या हत्याराला हात लावू नये इतकं माझं स्पष्ट मत आहे.

मग मी एका गन हाऊसला गेलो. कुठलं ते सांगत नाही. त्यांनी दोन मिनिटं बघितलं, घोडा दोनदा ओढून सोडला आणि म्हणाले स्प्रिंग गेली, ह्याची स्प्रिंग मिळत नाही, विकून टाका आणि नवीन घ्या. मी म्हटलं विकायचं नाहीये, आण्णांचं आहे. मग म्हणाले सर्व्हिस करून देतो. १५०० रुपये घेतले, तीन दिवसांनी मिळालं तेव्हा बाहेरून लखलखीत. रेंजवर नेलं तर आधीपेक्षा जास्त मिसफायर! तेव्हा डोकं सटकलं. पैसे जाऊ द्या पण काय बिघडलंय हे कोणी सांगायलाच तयार नाही, ह्याचं जास्त वाईट वाटलं.

काकांचा पत्ता रेंजवरच मिळाला. जुन्या नाशकात बोळात दुकान आहे, गाडी आत जातच नाही, लांब लावून चालत जावं लागतं. ह्या वयातही हात काय स्थिर आहेत त्यांचे. गेल्या गेल्या पहिलं लायसन मागितलं, हत्याराचा नंबर स्वतः वाचून ताडून बघितला, रजिस्टरला नोंद केली, सही घेतली, सगळं होईपर्यंत पिशवीची चेन उघडू दिली नाही. काडतुसं आणलीत का म्हणाले, मी नाही म्हटलं, तर म्हणाले बरं केलंत, दुकानात भरलेलं काडतूस आणायचं नाही आणि मी ते विकतही नाही.

आणि मग त्यांनी रिव्हॉल्वर उघडलंच नाही. सिलिंडर बाहेर काढून सहाही घरं रिकामी आहेत बघितलं आणि बाजूला ठेवून मला प्रश्न विचारायला लागले. ते चेंबरला घर म्हणतात. कोणत्या घराला मिस होतं? एकाच घराला की सगळ्या? घोडा हाताने मागे ओढून मारता की नुसता चाप ओढून? सकाळी जास्त होतं का दुपारी? दुसऱ्यांदा मारल्यावर उडतं का? मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. मला एवढंच माहीत की मिस होतं.

काका म्हणाले, "मग मी उघडून काय बघू? आधी मोजून आणा."

ह्या एका वाक्यावर मी हा सगळा रिव्ह्यू लिहितोय असं समजा. त्यांनी मार्करने सिलिंडरवर एक ते सहा आकडे टाकले, कागदावर सहा रकाने आखून दिले, आणि सांगितलं की ३६ गोळ्या मारा, प्रत्येक घराला सहा. त्यातल्या तीन घोडा ओढून, तीन नुसत्या चापाने. मिस झालं तर थांबायचं तेवढं थांबून तेच काडतूस त्याच घरात, न हलवता, परत एकदा मारायचं. तरी नाही उडालं तर अर्धा वळसा फिरवून कडेला दुसरीकडे मारायचं. रिकाम्या पुंगळ्या मिक्स करायच्या नाहीत, ज्या घराच्या त्या घराच्या वेगळ्या. आणि आवाज कधी फुसकन बारीक आला तर तिथेच बंद, गोळी नळीत अडकलेली असू शकते, सगळं रिकामं करून नळीतून आरपार बघितल्याशिवाय पुढची मारायची नाही. त्या दिवशी एक पैसा घेतला नाही.

अर्धा वळसा का, हे मला तेव्हा कळलं नव्हतं म्हणून विचारलं तर त्यांनी दिवाळीच्या टिकलीवरून समजावलं. मोठ्या बोरच्या काडतुसाला बुडाला मधोमध टोपी असते, तिच्यावर घोड्याची पिन बसली की काम झालं. पॉइंट टू टू ला टोपीच नाही. मसाला बुडाच्या कडेत, म्हणजे ती जी गोल रिम असते ना, तिच्या पोकळ घडीत भरलेला असतो, कारखान्यात ओला मसाला आत टाकून पुंगळी गरागरा फिरवतात म्हणजे तो कडेला पसरतो. पिन येऊन ती कड घराच्या काठावर चेचते, दोन पत्र्यांमधे मसाला चिरडला जातो आणि पेटतो. टिकली दगडावर ठेवून हाणली तर फुटते, गादीवर ठेवून कितीही हाणा, नाही फुटत. म्हणजे नुसता हातोडा बघून उपयोग नाही, खालचा दगडही बघायला पाहिजे. आणि कडेत एखाद्या जागी मसाला पोचलाच नसेल तर पिन तिथे कितीही जोरात बसू दे, काडतूस फुसकंच निघणार, पण तेच फिरवून मारलं की उडतं. म्हणून अर्धा वळसा. मला वाटतं इतक्या वर्षांत आण्णांनाही हे कोणी सांगितलं नव्हतं.

रेंजवर मी सहा काड्यापेट्या घेऊन गेलो, वर नंबर टाकून. ३६ पैकी ९ मिस. त्यातल्या ४ एकट्या चार नंबरच्या घराला. ९ पैकी ७ नुसत्या चापाने मारताना. ५ दुसऱ्या दणक्याला त्याच जागी उडाल्या, ३ फिरवल्यावर उडाल्या, एक शेवटपर्यंत मेलेलीच राहिली, ती रेंजवरच जमा केली.

पुंगळ्या घेऊन परत गेलो तेव्हा काकांनी टेबलावर देशदूतचा जुना पेपर पसरला, सहा काड्यापेट्या उघडून सहा रांगा लावल्या, सगळ्यांची बुडं वर. डोळ्याला घड्याळजींचं भिंग लावलं आणि एकेक पुंगळी नखाने फिरवत बघत गेले, बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग भिंग माझ्या हातात दिलं. बघा म्हणाले, पिनचा ठसा कसा पाहिजे ते आधी बघा, आणि त्यांच्या डब्यातली दुसऱ्या एका हत्याराची पुंगळी दाखवली, कडेला सरळ खोल खाच, पितळ पार आत दाबलेलं. मग माझी. माझ्या जवळपास सगळ्याच पुंगळ्यांवर ठसा उथळ होता, जागेवर पण उथळ. उडालेल्यांवरसुद्धा. म्हणजे ज्या उडाल्या त्यापण काठावर पास झालेल्या. हे साध्या डोळ्याला दिसतच नाही, भिंगातून एकदा बघितलं की मग सगळीकडे तेच दिसायला लागतं. चार नंबरच्या रांगेतल्या ठशांमधे अजून एक गोष्ट होती, ठशाच्या समोरच्या बाजूला, म्हणजे कडेच्या आतल्या अंगाला, बारीक ओरखडा.

आता उघडतो म्हणाले.

मूठीच्या लाकडी पट्ट्या काढल्या तर पुढच्या बाजूला एक स्क्रू आहे, तो आतल्या पट्टीच्या स्प्रिंगला ताणून धरतो. तो दीड आटे सैल होता! काकांनी बोटाने फिरवून दाखवला. हा स्क्रू पूर्ण आवळलेलाच पाहिजे, काही लोक चाप हलका व्हावा म्हणून मुद्दाम सैल करतात आणि मग मिसफायर झालं की काडतुसाला शिव्या देतात. आमच्यात तो कोणी सैल केला हे मी सांगू शकत नाही, पण आण्णांनी मूठ आयुष्यात उघडलेली नाही आणि सर्व्हिस करून आणल्यावरच मिसफायर वाढले होते. स्प्रिंग? स्प्रिंगला काही झालेलं नाही. विकून टाका म्हणालेले ना.

पण काका तिथे थांबले नाहीत, हे मला फार आवडलं. म्हणाले सैल स्क्रू हे आत्ताचं दुखणं, जानेवारीतलं पहिलं दुखणं अजून आतच आहे. बाजूची प्लेट काढली. घोडा जिथे खालीवर होतो त्या खोबणीत लालसर तपकिरी चिकट राळ बसलेली, मेणासारखी. काकांनी लाकडी काडीने थोडी उकरून कागदावर पुसली तर कागदावर चक्क कुंकवाचा डाग उठला. मला एका क्षणात सगळं डोळ्यासमोर आलं. दर दसऱ्याला आण्णा हत्यार पाटावर मांडतात, हळदकुंकू, अक्षता, झेंडूचं फूल, आणि वरून शिलाई मशीनच्या तेलाचे चार थेंब, लहानपणापासून बघतोय मी. तेल, हळद, कुंकू आणि जळलेल्या दारूची काजळी इतकी वर्षं आत मुरत गेली आणि जमा असताना महिनोन्‌महिने घट्ट होत गेली. थंडीत ती राळ अजून घट्ट होते, घोडा तेवढा हळू पडतो. म्हणून काका सकाळी जास्त होतं का विचारत होते. काका ह्यावर एक शब्द वेडावाकडा बोलले नाहीत, उलट हत्याराला नमस्कार केला आणि म्हणाले भक्तीने केलंय, आता फक्त कुंकू डब्याला लावा.

नुसत्या चापाने मारताना मिस जास्त का, त्याचंही उत्तर ह्यातच. हाताने ओढला की घोडा पूर्ण मागे जातो, चापाने ओढला की थोडा अलीकडूनच सुटतो, दणका तेवढा कमी. ताकद आधीच काठावर असेल तर हा एवढासा फरक पुरतो.

राहिलं चार नंबरचं घर. ह्या रिव्हॉल्वरला प्रत्येक घराच्या तोंडाशी काडतुसाची कड आत बसायला गोल खाच आहे. रिमची जाडी म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर, त्यामुळे त्या खाचेत काजळी, शिसं आणि गोळीवरचं मेण ह्यांचा केसाएवढा थर जरी बसला तरी काडतूस पूर्ण आत जात नाही. मग पिनचा पहिला दणका काडतूस आत ढकलण्यातच खर्च होतो आणि दुसऱ्याला उडतं. माझ्या त्या पाच गोळ्या ह्यातल्याच असणार. चार नंबरला ह्याशिवाय पिनच्या जागी घराचा काठ चेचून आत वळलेला होता, तो ओरखडा त्याचाच. कारण काय तर रिकामं हत्यार वाजवणं, म्हणजे काडतूस नसताना चाप ओढणं. टोपीवाल्या हत्यारात पिन मधे हवेत थांबते, पण बावीसला मधे पितळ नसेल तर पिन सरळ घराच्या काठावर आपटू शकते. सगळ्या हत्यारांत होतंच असं नाही, पण जुन्यात धोका नको. आण्णा पूजा झाली की दोनचार वेळा टक् टक् वाजवून बघायचे, तीस पस्तीस दसरे.

इथे मला भीती होती की आता कानस घेऊन बसतील. नाही. काकांनी एक गुळगुळीत, निमुळती, पाणी दिलेली पोलादी सळई काढली, घरात घालून हळूहळू फिरवत, दाबत, आत वळलेला धातू परत बाहेर बसवला. घासला असता तर तेवढा काठ कायमचा गेला असता आणि पिनखाली दगडच उरला नसता, टिकली गादीवर. घासायला पाच मिनिटं लागतात, हे करायला पाऊण तास लागला, मी समोर बसून बघितलंय. पिनचं टोक भिंगाखाली बघितलं, ते ठीक होतं. सिलिंडर पुढेमागे किती हलतं ते पातळ पट्ट्यांच्या गेजने मोजलं, कारण ते जास्त हलत असेल तर दणक्याबरोबर सिलिंडरच पुढे सरकतं आणि जोर वाया जातो. थोडं हलत होतं. आत्ता काही करायचं नाही, दोन वर्षांनी परत मोजू म्हणाले. उगाच काम काढलं नाही.

मी चाप थोडा हलका करून मिळेल का विचारलं, सरळ नाही म्हणाले. बावीसच्या कडेला चेचायला जोर लागतो, स्प्रिंगचा जोर काढून घेऊन हलका चाप देणारा तुमचं नुकसान करतो.

बिल २२०० झालं, पावती मिळाली, काय काय केलं ते पावतीवर हाताने लिहिलेलं. मग रेंजवर पुन्हा ३६, परत तोच तक्ता. एक मिस. ते फिरवल्यावर लगेच उडालं, ठसा दोन्ही जागी खोल आणि सरळ, म्हणजे दोष त्या काडतुसाचा. पुंगळ्या काकांना नेऊन दाखवल्या तर त्यांनी भिंग लावून परत सगळ्या ३६ बघितल्या, गिऱ्हाईक खूश आहे म्हणून सोडून दिल्या नाहीत. आणि सुचवलं की ह्यापुढे एकाच पेटीवर ठरवू नका, दोन वेगळ्या पेट्यांतल्या गोळ्या मारून बघा, मग हत्याराला किंवा काडतुसाला नाव ठेवा.

आता अर्धा स्टार. एक तर वेळ. आठ दिवस सांगितले आणि १९ लागले, फोन उचलत नाहीत, मी निफाडहून दोनदा हेलपाटा मारला, द्राक्षाची काढणी चालू असताना. एकदा तर दुकान बंद आणि शेजाऱ्यांनाही माहीत नाही. कळवलं असतं तर बरं झालं असतं, एवढीच तक्रार. बाकी पार्किंगचा त्रास आहे पण तो त्यांच्या हातात नाही. घाईत असाल, उद्या हवंय असं असेल तर इथे जाऊ नका. आणि नुसतं चकचकीत करून हवं असेल तरी जाऊ नका, पॉलिश ते करतच नाहीत.

जाणाऱ्यांनी आधी घरी स्वतःचं एवढं करावं. लायसन ओरिजिनल न्यावं. हत्यार रिकामं, काडतुसं सोबत नकोत. मिसफायर कुठल्या घराला, कसं मारताना, कोणत्या वेळेला हे कागदावर लिहून न्यावं, काका तुम्हाला तेच विचारणार आहेत आणि नसेल तर परत पाठवणार आहेत, माझा एक हेलपाटा त्यात गेला. स्वतः प्लेट उघडू नये. नेटवर व्हिडिओ बघून तर मुळीच नाही. घरांच्या तोंडाच्या त्या खाचा मात्र प्रत्येक वेळी रेंजवरून आलं की ब्रशने साफ कराव्या, ते काम आपलंच आहे, आणि तेल म्हणजे एक थेंब, पुसून घेतलेला. मी आता तेवढंच करतो.

आण्णांना मी सगळं सांगितलं, पुंगळ्या पण दाखवल्या भिंगातून, जुन्या आणि नव्या शेजारी शेजारी ठेवून. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, मलाच वाटायचं हल्ली आवाज बरोबर येत नाही. ह्या दसऱ्याला पाटावर रिव्हॉल्वर होतंच, पण त्याच्या बंद डब्यात, कुंकवाचं बोट डब्याच्या झाकणावर, झेंडू पण तिथेच. पूजा झाल्यावर त्यांचा हात सवयीने झाकणाकडे गेला, आणि मग त्यांनी डबा उचलून तसाच माझ्याकडे दिला, कपाटात ठेव म्हणाले.